काळ्या चौकोनाच्या घरी

राजापेठ, अमरावती
रविवार, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईंना,

गोदावरीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या कागदावरच वाकते. उरलेलं वाकणं प्रत्यक्ष भेटीत पुरं करीन.)

तुमच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झाला. थेंब वेळेवर घालता ना? वाचायला त्रास नको म्हणून एक ओळ सोडून आणि मोठ्या अक्षरात लिहिते आहे. गुडघ्याचं कसं काय? आम्ही दोघंही ठीक. तुमच्या बंधूंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आहे आणि त्यांनी डॉक्टर बंद केला आहे. तुमच्या घरी फुलं देणाऱ्या डोमाजीची नजर मात्र उत्तम असल्याचं कळलं. गेल्या मंगळवारी सकाळी अकोल्याच्या बसस्थानकावर एवढ्या गर्दीत त्याने आम्हा दोघांना बरोबर हेरलं आणि दुपारच्या आत तुमच्यापर्यंत बातमी पोचवली. तेव्हापासून तुम्ही आमचा फोन उचलत नाही. यांनी बारा वेळा लावला, मी तीन वेळा. (तीनदा न उचललेला फोन चौथ्यांदा लावणं माझ्या स्वभावात नाही.) म्हणून पोस्टाने लिहिते. पत्र दारात येऊन पडतं, ते उचलावंच लागतं.

अकोल्यात पाऊल ठेवून नणंदेच्या घरी न जाणं हा गुन्हा आहे, हे मला मान्य आहे. पण तुमचे वडील वकील होते, भाऊ वकील आहे, तेव्हा आरोपीचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धत तुमच्या घराण्यात असावी असं मी धरून चालते. आम्ही अकोल्याला आलोच नव्हतो. आम्ही तेल्हाऱ्याला चाललो होतो आणि अकोला मध्ये आलं. उतरलो तर तेल्हाऱ्याची गाडी समोरच लागलेली, वाहक दार ओढून घेत होता. चढलो.

आता तेल्हाऱ्याला आपलं कोण, असं तुम्ही विचाराल. आपलं कोणी नाही. माझ्या कार्यालयातला एक काळा चौकोन तिथे राहतो. त्याला भेटायला गेलो होतो. हे नीट समजायला माझी नोकरी समजून घ्यावी लागेल, आणि ती तुम्हाला मुळातच मान्य नाही हे मला ठाऊक आहे. (पुतण्याच्या लग्नात पंगतीत तुम्ही 'निवृत्त बाईला कसली नोकरी, आणि तीही घरी बसून' असं म्हणालात. तुमच्या शेजारी बसलेल्या बाई माझ्या मावसबहीण होत्या.) तर पुण्याची एक कंपनी शाळेतल्या मुलांसाठी फोनवर पाहायचे धडे तयार करते. त्यांतले मराठी धडे तपासायचं काम माझ्याकडे आहे. आम्ही एकूण बारा जण. कोणी नाशिकला, कोणी सांगलीला, एक बाई तर माहेरी बाळंतपणाला गेलेली असून तिथूनच काम करते. सगळे आपापल्या घरी. कोणी कोणाला कधी भेटलेलं नाही. माझं कार्यालय म्हणजे आमच्या खिडकीजवळचं शिलाई मशीनचं टेबल. खाली शिकवणी वर्ग आहे, त्यामुळे दर तासाला ऐंशी दुचाक्या एकदम सुरू होतात आणि मी बोलत असले तर पुण्याला वाटतं इकडे दंगल झाली.

ही नोकरी मला हवी आहे, ताई. चौतीस वर्षं शाळेत लोक मला विचारूनच सगळं करत. निवृत्त झाले आणि दोन वर्षं मला कोणी काही विचारलं नाही. भाजी कोणती करू, एवढा एकच प्रश्न घरात उरला, आणि तोही मीच विचारायचा. इथे दिवसातून चाळीस वेळा कोणीतरी विचारतं, 'गोदा, हे बरोबर आहे का?' (होय, गोदा. तिथे सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. पंचवीस वर्षांची मुलं मला गोदा म्हणतात. तुमच्या आई, माझ्या सासूबाई, त्यांनाही इतकं मोकळं कधी वाटलं नाही.) आणि हीच नोकरी जायची वेळ आली होती. चुकीमुळे नव्हे. माझ्या कामात चूक सापडली तर दाखवा म्हणून मी सगळ्यांना लेखी कळवलेलं आहे. जिव्हाळ्यामुळे.

कंपनीत चारुता नावाची एक मुलगी आहे. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांमध्ये जिव्हाळा उत्पन्न करणं हे तिचं काम. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने बाकीच्यांना जिव्हाळ्याचे दहापैकी गुण द्यायचे. ऑगस्टअखेर माझा निकाल लागला: दोन पूर्णांक तीन. बारांत बारावी. शेरेही होते. एकाने लिहिलं होतं, 'गोदाशी बोलताना ताठ बसावंसं वाटतं.' मी तो गौरव समजले. चारुताने फोन करून सांगितलं की तो गौरव नाही. नोव्हेंबरअखेर पाचाच्या वर गेले नाही, तर डिसेंबरपासून करार पुढे चालू राहणार नाही, हेही तिने अतिशय गोड आवाजात सांगितलं. मुलं नापास झाल्याचं पालकांना मी इतक्या गोड आवाजात कधीच सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं, गोड बोललेलं जास्त लागतं.

मग मी जिव्हाळ्याच्या मागे लागले. रोज चार वाजता 'चहा' असतो. म्हणजे प्रत्येकाने आपल्या घरी आपला चहा करायचा आणि पडद्यापुढे बसून तो बाकीच्यांदेखत प्यायचा. कामाचं बोलायला बंदी. पहिल्या दिवशी पाहिलं तर सगळे नुसते भुरके मारत एकमेकांकडे बघताहेत. म्हणून मी हजेरी घेतली. त्याचं कोणाला वाईट वाटावं असं त्यात काय होतं, मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात खेळ होता. प्रत्येकाने स्वतःविषयी तीन गोष्टी सांगायच्या, त्यांतली एक खोटी, ती बाकीच्यांनी ओळखायची. मी तीनही खऱ्या सांगितल्या. (खोटं सुचलं नाही असं नव्हे, वकिलाबरोबर छत्तीस वर्षं काढली आहेत. पण कामाच्या वेळेत खोटं बोलायचं नाही.) नांदगाव खंडेश्वरला शाळा तपासायला मी स्वतः राजदूत फटफटी चालवत गेले होते, हीच गोष्ट खोटी, असं सर्वांनी एकमताने ठरवलं. मी तपासणीच्या दिवसाचा फोटो शोधून पाठवला. त्यानंतर तो खेळ पुन्हा झाला नाही.

अशात एका चहाला तुमचे बंधू आले. म्हणजे माझ्या पाठीमागून गेले. पंचा नेसून, हातात कच्च्या चिवड्याची वाटी. पडद्यावर एवढी तोंडं दिसल्यावर थांबले, वाकले आणि म्हणाले, "काय राजेहो, जेवले काय?" दुपारचे सव्वाचार वाजले होते. ताई, दिसत होते ते सगळे असे उजळले की जणू यांनी तोरण लावलं. बाळंतिणीने बाळाचं पोट दुखतं म्हणून सांगितलं, यांनी ओवा सांगितला. सांगलीच्या एकाच्या वडिलांचा सातबाऱ्यावरून वाद होता, यांनी फुकट सल्ला दिला. (आयुष्यभर अशीलांकडून फी मागायला लाजले, तेव्हा यात नवीन काही नाही.) दुसऱ्या दिवशी मी हजेरीला बसले तर सगळे विचारताहेत, 'काका कुठेत?' पुढे पुढे हे चार वाजण्याआधीच खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसू लागले. ऑक्टोबरमध्ये कच्चे गुण कळले: तीन पूर्णांक नऊ. त्यांतला निदान दीड गुण पंचाचा आहे हे मला कळतं.

नोव्हेंबर लागला आणि चारुताने प्रत्येकाला एक सोबती नेमून दिला. सोबत्याने सोबत्याची काळजी घ्यायची, आठवड्यातून पंधरा मिनिटं बोलायचं. माझ्या वाट्याला अश्विन आला. तो धड्यांतली चित्रं काढतो. चित्रं चांगली काढतो. त्याच्या बैलाचे पाय मला मोजावे लागत नाहीत. पण चहाच्या वेळी बाकीच्यांची तोंडं दिसतात तिथे त्याच्या जागी काळा चौकोन असतो आणि त्यात पांढरा 'अ'. जूनपर्यंत बैठकीत चेहरा दिसायचा, मग बंद झाला. मी आठवड्याला पंधरा प्रश्न विचारायची, तो पंधरा वेळा 'हो मॅडम' म्हणायचा, चार मिनिटांत काळजी घेऊन व्हायची. मग तेल्हाऱ्याला जायच्या आधीच्या शुक्रवारपासून तेही बंद. शनिवार नाही, रविवार नाही, सोमवार नाही. चारुताने त्याला फोनवर लाल बदामांची चित्रं पाठवली. (तिला शब्दांऐवजी बदाम पाठवायची सवय आहे, सकाळी उठल्याबरोबर अकराजणांना पाठवते.) आमचा वरिष्ठ स्वानंद पुण्याचा, वय वर्षं एकोणतीस, दाढी सोडली तर मुलगा चांगला आहे. तो म्हणाला, 'आपण त्याला थोडी मोकळीक देऊ.' मोकळीक दिल्याने मूल शाळेत परत आल्याचं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. माझ्या शाळेत मूल तीन दिवस आलं नाही की चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी जात असे. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चौथा दिवस संपला होता.

चारुताने पत्ता दिला नाही, तो खाजगी असतो म्हणे. तो तेल्हाऱ्याचा, एवढंच ठाऊक होतं, म्हणून यांनी तिथून जवळच्या अकोटच्या एका वकिलाला फोन केला. चाळीस मिनिटांत अश्विनचं घर, गल्ली, वडिलांचं नाव शेषराव, ते एसटीत वाहक होते आणि कोणत्या आगारातून निवृत्त झाले, एवढं सगळं हातात आलं. मंगळवारी सकाळी निघालो. मी टसरची करवतकाठी नेसले, यांनी कोट घातला, रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जाऊ नये म्हणून राजापेठेतून अर्धा किलो पेढे घेतले. साडी, कोट, पेढे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कारण त्या घरात आधीच एक प्रकरण चालू होतं, ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मे महिन्यात अश्विनसाठी अकोल्याची एक मुलगी पाहिली होती. मुलामुलीची पसंती झाली, दोन्ही घरांना पटलं, आणि मग मुलीच्या वडिलांनी पाय मागे घेतला: मुलगा सकाळ-संध्याकाळ घरीच दिसतो, ही कसली नोकरी? तेव्हापासून हे लोक रोज वाट पाहत होते की अकोल्याहून कोणीतरी पुन्हा चौकशीला येईल. आणि मंगळवारी भरदुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही दारात उभे.

शेषरावांनी पहिला प्रश्न वाहकाचाच विचारला, "कोन्त्या गाडीनं आले?" हे म्हणाले, "अकोल्याहून." झालं. अश्विनची आई सुंदराबाई, तिने पदर सारखा केला, धाकटी बहीण पिंकी मागच्या दाराने शेजारचे कप आणायला पळाली, आणि शेषरावांनी बाजेवर नवी चादर अंथरली. मला वाटलं, वऱ्हाडातलं अगत्य. अश्विन घरी नव्हता, आत्ता येतो म्हणाले. तोवर मी माझ्या पद्धतीने चौकशी सुरू केली. मुलगा किती वाजता उठतो? काही व्यसन? मित्र कसे आहेत? जेवण वेळेवर करतो? डोळे तपासले का? स्वभाव असा अबोल पहिल्यापासून की अलीकडे? शेषराव परीक्षेला बसल्यासारखे एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते. मी न मागता त्यांनी पेटीतून फाईल काढली, पहिलीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, प्लास्टिकमध्ये घातलेल्या. असा पालक मला चौतीस वर्षांत भेटला नव्हता. मी चष्मा लावून पाहू लागले. नववीला गणितात अडतीस होते. कारण विचारलं.

"तवा टायफाइड झालता जी त्याले," सुंदराबाई कळवळून म्हणाली. "आता काईच नाई. खणखणीत हाय लेकरू."

तुमच्या बंधूंसमोर तोवर वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा आला होता. ते तिसरी भाकरी घेत होते, मी अर्धीवर आटोपलं होतं. सुंदराबाईने वाढता वाढता हळूच विचारलं, "पोरीचं काय म्हन्नं हाय पन?" यांना वाटलं चारुताविषयी विचारते आहे. (यांना जेवताना एवढंच ऐकू येतं की कोणीतरी काहीतरी विचारलं.) हे म्हणाले, "पोरगी बिचारी रोज बदाम पाठवून राहिली त्याले. लाल लाल. उत्तरच देत नाही म्हणते."

"पोरगी सवताहून पाठवते?"

"मंग? सकाळी उठली की पहिले तेच काम. याले एकट्यालेच नाही, अकराजणांले पाठवते. मनाची फार मोठी आहे."

शेषरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. सुंदराबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मला वाटलं, ठेचा तिखट झाला असावा.

अशा वेळी दारात अश्विन आला. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, मागे शिडी आणि तारेचं वेटोळं घेऊन वायरमन धर्मपाल. मला पाहिलं आणि तो आहे तिथे ताठ उभा राहिला. माझ्या हातात त्याची नववीची गुणपत्रिका होती. "नमस्कार मॅडम," तो म्हणाला, आणि पिशवी सुटून धर्मपालच्या पायावर पडली. पाच महिन्यांनी चेहरा पाहिला. बारीक मिशी आहे, कान थोडे मोठे.

"तू वळखते यायले?" आईने विचारलं.

"माय, ह्या आमच्या हापिसातल्या गोदा मॅडम व्हय."

सुंदराबाईने माझ्याकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं, यांच्या ताटाकडे पाहिलं. "म्हन्जे पोरीकडचे नोहेत?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग ते बदामवाली कोन?"

खुलासा व्हायला पंधरा मिनिटं लागली. शेषराव आधी रागावले, मग हसू लागले, मग हसतच राहिले, इतके की त्यांना पाणी द्यावं लागलं. चार दिवसांच्या मौनाचा उलगडाही झाला. वानरांच्या टोळीने इंटरनेटची तार लोंबकळून तोडली होती. त्या घरात फोनलाही लहर आली तरच रेंज येते. अश्विनने पहिल्याच दिवशी बसस्थानकावर जाऊन स्वानंदला निरोप पाठवला होता, स्वानंदने तो वाचून अंगठ्याचं चित्र पाठवलं (पुण्यात याचा अर्थ 'बरं' असा होतो) आणि तो ते विसरून गेला. म्हणजे आमची पावणेदोनशे किलोमीटरची यातायात स्वानंदच्या अंगठ्यावर जमा आहे. मी त्याला तसं कळवलं आहे.

पण चेहऱ्याचा प्रश्न राहिलाच होता. तार तुटल्याला चार दिवस झाले, चौकोन काळा होऊन पाच महिने. मी अश्विनला सरळ विचारलं. तो 'नेटचा प्रॉब्लेम' म्हणून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. उत्तर पिंकीने दिलं. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कोणाला भीत नाही. "खोटं काहून बोलते रे दादा? मॅडम, तुमी त्याले सगळ्यायसमोर म्हनलं ना का मांगची दोरी काढा, हे हापिस हाय, धोब्याचं घर नोहे. तवापासून त्यानं तोंड दाखोनंच सोडलं. आता दोरी काढून लुगडे कोठी वाळू घालाव, सांगा? हे एकच तं खोली हाय."

मी म्हणाले होते. मला आठवलं. जून महिन्यातला पहिला आठवडा, सकाळची कामाची बैठक होती. शिस्तीसाठी म्हणाले होते. आणि तो सगळा काळ माझ्या स्वतःच्या पाठीमागून तुमचे बंधू पंचा नेसून फिरत होते. मी खोलीकडे पाहिलं. एका कोपऱ्यात या वेचणीचा कापूस छतापर्यंत भरलेला, एकीकडे बाज, आणि मधोमध ती दोरी, तिच्यावर सुंदराबाईची दोन लुगडी. त्या पोराला टेबल मांडायला जी जागा होती, तिच्या मागे दोरीशिवाय दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.  मी म्हणाले, चहा चांगला झाला आहे. चहा अजून आलेला नव्हता.

मग मी घड्याळ पाहिलं. सव्वातीन वाजले होते. धर्मपालला विचारलं, तार जोडायला किती वेळ? तो म्हणाला, अर्धा तास. मी म्हटलं, पंचवीस मिनिटं. अश्विनला लॅपटॉप रोजच्याच जागी मांडायला सांगितला. पिंकी लुगडी काढायला गेली, तिला बसवलं. बरोबर चार वाजता चहा सुरू झाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा काळा चौकोन उघडला आणि त्यात दोरीखाली मी, अश्विन, सुंदराबाई, शेषराव, पिंकी, धर्मपाल आणि तुमचे बंधू, सगळे दाटीवाटीने कप घेऊन बसलेले. पुण्या-नाशकाचा चहा कपातच राहिला. (अकरा नव्हे, पाच महिन्यांत. चूक माझी. खोडत नाही, कागद खराब होतो.) आधी मी हजेरी घेतली. मग म्हटलं की जूनमध्ये दोरीविषयी मी जे बोलले ते सर्वांसमोर बोलले होते, म्हणून सर्वांसमोर मागे घेते. मुख्याध्यापिका असताना मी एकदाच शब्द मागे घेतला होता, तोही शिक्षणाधिकाऱ्यांचा लेखी आदेश आल्यावर.

तोवर दारात आणि खिडकीत अर्धी गल्ली जमली होती, कारण शेषरावांकडे पाहुणे आल्याचं सर्वांना कळलं होतं. शेषरावांनी तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं आणि स्वानंदला विचारलं, "साहेब, एक सांगा. हा पोरगा कामावर हाय का नाई?" स्वानंद दचकून उभा राहिला. (वरून सदरा, खाली अर्धी चड्डी. सर्वांनी पाहिलं.) म्हणाला, "आहे काका. अश्विन नसेल तर आमचं काम थांबतं. चार दिवस थांबलंय." शेषराव दाराकडे वळले. "आयकलं का? हापिस थांबलं हाय." बत्तीस वर्षं तिकिटं फाडली त्या माणसाने, पण असा आवाज त्यांनी गाडीतही काढला नसेल. खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "मंग आमाले वाटे पोट्टं दिवसभर पिच्चरच पाह्यते."

परतीच्या गाडीत शेषरावांनी आम्हाला स्वतः जागा धरून दिली, चालकाच्या मागची. ती गाडी परस्पर अमरावतीला गेली, म्हणून परत येताना अकोला लागलं नाही. एवढी हकीकत आहे. आरोपीचं म्हणणं संपलं.

सुनेला व नातवंडांना आशीर्वाद. थेंब चुकवू नका, आणि मनातलं काढून टाका. दोन्ही गोष्टी डोळ्यांनाच चांगल्या.

तुमची,
गोदावरी

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. पाय मागे घेतलेले ते अकोल्याचे गृहस्थ म्हणजे तुमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे ते संघपाल सर. मुलगी त्यांचीच. तुमच्या हाताखाली त्यांनी अकरा वर्षं काढली आणि अजून तुमच्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत, असं तुम्हीच सांगता. तर त्यांच्याकडे जा. सोबत त्या चहाचा फोटो ठेवला आहे, आणि स्वानंदचं पत्र. (मजकूर मी सांगितला, सही त्याची आहे.) काहीही पटवू नका, फक्त सांगा की माझी भावजय स्वतः जाऊन पाहून आली, मुलगा कामावर आहे. पिंकी म्हणते, मुलीने सहा महिन्यांत दुसरी दोन स्थळं परत पाठवली. दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला, असं म्हणू नका. कोणी बोलावलं नसताना तुम्ही चार लग्नं जमवलीत. त्यांतलं एक माझं.

ता. क. दुसरा. तेल्हाऱ्याची गाडी समोर लागलेली होती आणि वाहक दार ओढत होता, असं मी वर लिहिलं आहे. ते खरं नाही. गाडीला पन्नास मिनिटं होती. यांनी तीनदा म्हटलं, ताईकडे जाऊन येऊ, सात मिनिटांचा रस्ता आहे. मीच नको म्हटलं. तुम्ही जेवल्याशिवाय सोडलं नसतं, आणि जेवल्यावर तुम्हीही तेल्हाऱ्याला निघाला असता. आम्ही स्थानकावर बसून कचोऱ्या खाल्ल्या. डोमाजीला यांनी 'ताईला सांगू नको' म्हटलं, तिथेच घात झाला.

ता. क. तिसरा, सोमवार सकाळ. पाकीट चिकटवणार तोच चारुताचा फोन आला. निकाल लागला. नऊ पूर्णांक सात. करार वर्षभर वाढला. उत्तर न देणाऱ्याच्या घरी गोदा स्वतः जाते, हे मंगळवारी सर्वांनी पाहिलं, आणि बुधवारपासून एकही चौकोन काळा नाही. सगळ्यांच्या मागच्या भिंती झाडलेल्या आहेत, सांगलीच्याने तर रंग दिला. मी डिसेंबरात पुण्याला येणार आहे का, असं स्वानंदने सहज म्हणून दोनदा विचारलं. अकरांपैकी दहाजणांनी मला दहापैकी दहा दिले आहेत. भीतीचे गुण मला ओळखू येतात, ते मी मोजत नाही. एकट्या अश्विनने सात दिले. खाली लिहिलं आहे, 'मॅडम आल्या हे चांगलं केलं. पण आई सांगते, ती वाढत असताना त्यांनी अर्धीच भाकरी घेतली आणि गणिताचे गुण दोनदा वाचले. म्हणून तीन कापले.' बरोबर आहे. मी असते तर चार कापले असते.